छातीला छाती

लोकलमध्ये चौथ्या सीटवरून दोन प्रवाशांत जुंपलेल्या वादाचा निकाल ठाणं आलं तरी लागला नव्हता. दोघंही आपलंच ‘राइट’ म्हणत उतरले. तो वाद ऐकणाऱ्या डोंबिवलीच्या एका भाषांतरकाराच्या डोक्यात मात्र संध्याकाळपर्यंत तो शब्द घोळत राहिला. मराठीत त्याची घरं तरी किती! उजवा, सरळ, योग्य, बरोबर, हक्क, अधिकार.

कायद्याच्या मराठीतही एकवाक्यता नाही. संविधानाच्या तिसऱ्या भागात ‘मूलभूत हक्क’ आहेत. 2005 मध्ये माहितीचा ‘अधिकार’ आला, 2009 मध्ये बालकांना शिक्षणाचा ‘हक्क’ मिळाला आणि 2015 मध्ये महाराष्ट्राने लोकसेवांचाही ‘हक्क’च केला. माहितीचाच तेवढा अधिकार का? बरं, ती मागायची माहिती अधिकाऱ्याकडे. म्हणजे खिडकीच्या अलीकडे अधिकार आणि पलीकडे अधिकारी!

‘उजवा’ निघाला ऋजुपासून, म्हणजे सरळपासून. मग डाव्याच्या वाट्याला ‘डावलणं’ आलं. डावखुऱ्यांना कुणी विचारलं होतं?

इथवर ठीक होतं. पण मग त्याला शाळेतली म्हण आठवली. बळ असेल त्याचंच ‘राइट’, या अर्थाच्या इंग्रजी म्हणीखाली बाईंनी फळ्यावर ‘बळी तो कान पिळी’ लिहून दिलं होतं. आज त्याला ते भाषांतर खटकलं. इंग्रजी म्हण निदान न्यायाची भाषा करते. मराठी म्हणीत खरं-खोटं, योग्य-अयोग्य यातलं काहीच नाही. एक बलवान आहे, एक कान आहे आणि तो पिळला जातोय. त्या कानाच्या मालकाचं म्हणणं काय, हे म्हणीने विचारलेलं नाही.

आणि कान नेहमी बलवानच पिळतो असंही कुठे आहे? लग्नात कानपिळी असते. नवरीचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो. भाचीच्या लग्नात, डोंबिवलीतल्याच एका हॉलमध्ये, तो भाऊ होता जेमतेम आठ वर्षांचा. हात पुरेना म्हणून मामाने त्याला उचलून धरला. नवरा मुलगा सहा फुटी. त्याने स्वतःच मान खाली घातली. पोराने कान असा पिरगळला की फोटोग्राफरला ‘पुन्हा एकदा’ म्हणावं लागलं नाही. वर घड्याळही वसूल केलं. याला काय म्हणायचं? बळ नाही, हक्क म्हणावा तर कुठल्या कायद्यात नाही. घरात त्याला ‘मान’ म्हणतात. ‘राइट’च्या यादीत हा शब्द त्याने धरलाच नव्हता. मान देणाऱ्याने मान खाली घातल्याशिवाय घेणाऱ्याला तो मिळत नाही, आणि तेवढी उंची कमी करायला गाडीत कोण तयार होतो?

गाडीत वेगळंच चालतं. कित्येक डोंबिवलीकर सकाळी आधी उलट कल्याणला जातात, तिथून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकी धरतात आणि त्याच गाडीने पुन्हा डोंबिवलीवरून मुंबईकडे जातात. पास कल्याणपासूनचा असेल तर तिकीट तपासनीसही काही बोलू शकत नाही. डोंबिवलीला रांगेत उभा राहिलेला मात्र उभाच राहतो. हे नियमाला धरून आहे. योग्य आहे का?

‘बरोबर’ हा शब्द फारसी ‘बराबर’वरून आला. ‘बर’ म्हणजे छाती. बराबर म्हणजे छातीला छाती, समोरासमोर, सारखं. साडेआठच्या फास्टला दारात लटकलेल्यांना ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागत नाही. पण छातीला छाती भिडल्याने सगळे सारखे होतात, की नुसतेच चेंगरतात, हे काही त्याला ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोही कल्याणला गेला आणि खिडकी पकडून आला. डोंबिवलीला गर्दी आत घुसली. त्याने अंग चोरून बाकावर वीतभर जागा केली. चौथा माणूस टेकला, बॅग मांडीवर घेतली आणि म्हणाला, “अजून थोडं सरका.”