भीतीची गाणी, मृतांची गाणी

हॅलोवीन हा शब्द कानी पडला की आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांचे फारसे चुकते असेही नाही. पोकळ भोपळ्यात मेणबत्ती, चेटकिणीचा टोप, हाडांचे सापळे छापलेले सदरे, हे सारे आपल्याकडे आले ते दुकानांच्या आणि चित्रपटांच्या वाटेने. चर्चच्या वाटेने नव्हे. तरी शब्दाची फोड केली, तर त्यात सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या एवढाच अर्थ निघतो. नाव आपल्याच घरातले आहे. नवव्या शतकात पोप चौथे ग्रेगरी यांनी सर्व संतांचा सण १ नोव्हेंबर रोजी साजरा व्हावा असे ठरविले; पुढे सुमारे ९९८ साली फ्रान्समधील क्लुनी मठाचे मठाधिपती संत ओदिलो यांनी २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थनेचा प्रघात पाडला. या दोन दिवसांच्या उंबऱ्यावर जी रात्र येते ती ३१ ऑक्टोबरची. उंबऱ्यावर थोडी भीती असावयाचीच.

पॅरिसच्या धर्मप्रांताने २००२ साली त्या रात्रीच मुलांना संतांच्या वेशात जमवून 'होलीविन्स' नावाचा कार्यक्रम सुरू केला. ती कल्पना फिरत फिरत आमच्या औरंगाबादेतही (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणावयाचे, पण जुनी जीभ लवकर वळत नाही) येऊन पोहोचली. गेल्या ऑक्टोबरात आमच्या युवक मंडळाने ठरविले की लहान मुलांनी आधी संतांचे वेश करून यावे, आणि नंतर मोठ्यांसाठी तासभर 'भीतीदायक' गाण्यांचा कार्यक्रम व्हावा. फादरांनी संमती दिली, फक्त सैतानाचे मुखवटे नकोत एवढेच बजावले. गाणी निवडण्याचे काम माझ्या भाचीकडे आले, आणि तिने ते माझ्याकडे आणले. मी गायकवृंदात चाळीस वर्षे पेटी वाजविली आहे, तेव्हा मला सगळी गाणी येत असणार असा तिचा समज.

ती म्हणाली, "मामा, ऐकताना भीती वाटेल अशी गाणी सांगा. रडू येईल अशी नकोत."

तिची आई, माझी धाकटी बहीण, जून महिन्यात गेली. म्हणून ही अट मी हसण्यावारी नेली नाही.

आरंभी वाटले होते की काम अर्ध्या तासाचे आहे. मंडळातील मुलांनी मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'चा आग्रह धरलाच होता. तो संच १९८२ चा, आणि कबरींतून उठून नाचणाऱ्या प्रेतांचे ते प्रसिद्ध चित्रण १९८३ चे. मी ते लक्ष देऊन ऐकले. ठेका असा आहे की भीती बसावयाच्या आत पाय हलू लागतात. भय म्हणावे असे त्यात एकच आहे, व्हिन्सेंट प्राइस या जुन्या नटाचा घुमणारा आवाज आणि त्याचे शेवटचे हास्य. चॉकलेट खात बसलेल्या मुलांना पुरेसे आहे. यादीत घातले आणि पुढे गेलो.

पुढे मात्र अडखळलो. आमच्या पिढीला भुताचे गाणे म्हटले की १९४९ चा 'महल' आठवतो. पडक्या हवेलीत झोपाळ्यावर मधुबाला, आणि कोठून तरी दुरून येणारा विशीतल्या लताबाईंचा आवाज. खेमचंद प्रकाश यांनी ते गाणे कसे ध्वनिमुद्रित केले याची हकिगत संगीताच्या शौकिनांत सांगितली जाते. ध्वनिक्षेपक खोलीच्या मध्यभागी ठेवून लताबाईंना कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत यावयास सांगितले होते, म्हणून तो आवाज अंधारातून आपल्याकडे येत असल्यासारखा वाटतो. पहिल्या तबकड्यांवर तर गायिकेचे नावच नव्हते. चित्रपटातल्या पात्राचे, 'कामिनी' असे छापलेले होते. म्हणजे लोक घरोघर ऐकत होते ते खरोखरीच नाव नसलेल्या बाईचे गाणे.

भाचीने ते डोळे मिटून पूर्ण ऐकले. मग म्हणाली, "यात भूत कुठे आहे, मामा? ही तर कुणाची तरी वाट पाहते आहे."

तिने हे सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. मग आम्ही एकामागून एक गाणी लावली. १९६२ च्या 'बीस साल बाद' मधले हेमंतकुमारांचे गाणे, १९६४ च्या 'वह कौन थी' मधले मदनमोहनांचे, त्याच वर्षीच्या 'कोहरा' मधले. पार्श्वभूमीला वारा, घुबड, करकरणारी दारे, सारे साहित्य भीतीचे. गाणे मात्र विरहाचे. आणि गंमत अशी की यांतल्या बहुतेक कथांत भूत नसतेच. 'महल' मधील कामिनी ही प्रत्यक्षात माळ्याची जिवंत मुलगी; 'बीस साल बाद' मध्येही भुताच्या आड माणसेच असतात. खरे भूत भेटते ते बिमल रॉय यांच्या १९५८ च्या 'मधुमती'त, आणि तेथील सलील चौधरींच्या गाण्याने तर फिल्मफेअरचे पार्श्वगायनाचे पहिलेवहिले पारितोषिक लताबाईंना मिळवून दिले. चार वर्षांनी 'बीस साल बाद' च्या गाण्यासाठी ते त्यांना पुन्हा मिळाले. आपल्या लोकांना भुताने नुसते घाबरवून चालत नाही; त्याने गायला हवे आणि त्याचे कोणीतरी राहून गेलेले असायला हवे.

तिच्या अटीप्रमाणे ही गाणी बाद व्हावयास हवी होती. तिने 'महल' आणि 'मधुमती' ठेवले, बाकीची काढली. मी कारण विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी ती मोबाइलवर एक इंग्रजी चित्रपट घेऊन आली, स्टॅन्ली कुब्रिकचा 'द शायनिंग', १९८० चा. आरंभी डोंगरातल्या वळणावळणांच्या रस्त्यावर एक मोटार जात असते आणि खाली खर्जात एक सुरावट चाललेली असते. पहिले चार सूर ऐकले आणि मी ताठ बसलो. पेटी पुढे ओढली, पांढऱ्या पट्ट्यांवर 'म ग म रे' वाजविले आणि तिला म्हटले, "हे तुमच्या चित्रपटवाल्यांचे नव्हे. हे आमचे आहे."

ते 'दिएस इरे' होते, प्रभूच्या क्रोधाच्या दिवसाचे स्तोत्र. तेराव्या शतकातले, संत फ्रान्सिसचे चरित्रकार चेलानोचे थॉमस यांच्या नावावर ते परंपरेने मोडते. माझ्या लहानपणी बोर्डिंगमधल्या आम्हा मुलांना लॅटिनचा एक शब्द कळत नसे, पण अंत्यविधीच्या मिस्सेला ते पाठ म्हणावे लागे. काळा झगा घातलेले फादर, काळे कापड, मेणबत्त्यांचा वास आणि ते खाली खाली उतरणारे सूर. ऋषभाला षड्ज मानले तर ते काफी थाटातच बसतात. म्हणूनच की काय, खेड्यातल्या बायका शब्द न कळताही त्या वेळी डोळ्यांना पदर लावीत. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर उपासनाविधीत सुधारणा झाल्या, आणि १९७० च्या नव्या मिस्साग्रंथातून हे स्तोत्र अंत्यविधीपुरते गळले. न्याय, भय आणि निराशा यांवर त्यात फार भर आहे, पुनरुत्थानाची आशा झाकोळली जाते, असा विचार त्यामागे होता. ज्या घरात नुकतेच कोणी गेले आहे त्या घराला आणखी घाबरविण्यात काय अर्थ? हा निर्णय मला त्या वेळीही पटला होता, आजही पटतो.

पण चर्चने जे बाहेर ठेवले ते वाया गेले नाही. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने १८३० सालीच ही सुरावट आपल्या सिंफनीत चेटकिणींच्या मेळाव्यासाठी उचलली होती; पुढे लिस्ट आला, नंतर चित्रपट आले. पाइप ऑर्गनचेही तसेच झाले. बाखची डी मायनरमधली 'टोकाटा' १९३१ च्या 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' या चित्रपटाच्या आरंभी वाजली, आणि आता ऑर्गन घुमला की मुलांना उपासना नव्हे, तर पडका वाडा आठवतो. हे मला थोडे खुपते, हे कबूल करतो. आमच्या हातून सुटलेली भीती भयपटांच्या दारात काम मागावयास गेली आणि तेथे तिला बरे वेतन मिळाले.

मी हे सारे भाचीला रंगवून सांगत होतो. तिने मध्येच विचारले, "मग आईच्या वेळी हे का नाही म्हटलं?"

मी महासभेचे कारण सांगितले. लोकांना भीती वाटू नये म्हणून.

"भीती तर वाटतच होती," ती म्हणाली.

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. जून महिन्यात चर्चमध्ये आम्ही आशेची गीते म्हटली होती, मीच ती निवडली होती आणि मीच वाजविली होती. ती चांगली गीते आहेत. पहिल्या बाकावर बसलेल्या या मुलीच्या मनात काय चालले आहे ते मात्र त्यांपैकी एकाही गीतात नव्हते. 'दिएस इरे' यादीत गेले. ते यंत्रावर लावावयाचे नाही, मी पेटीवर वाजवावयाचे आणि जुन्या गायकवृंदातल्या आम्ही तिघांनी म्हणावयाचे, असे तिने ठरवून टाकले.

मध्ययुगीन इंग्लंडात या दिवसांत गरीब माणसे आणि मुले दारोदार गाणी म्हणत फिरत. घरधनीण त्यांना मृतांच्या नावाने भाजलेल्या गोड वड्या देई, आणि त्या बदल्यात त्यांनी त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करावयाची. आजची मुले चॉकलेटांसाठी दारे ठोठावतात, त्या रूढीचे एक मूळ येथे आहे असे मानतात. वडी राहिली, प्रार्थना गळाली. माझ्या भाचीला ही हकिगत आवडली, पण त्या गाण्यांना भीती नाही म्हणून तिने ती घेतली नाहीत. अटीची ती पक्की आहे.

यादी जवळजवळ पुरी झाली तरी काहीतरी उणे वाटत होते. सारे मुंबईचे नाहीतर परदेशचे. आमच्या मराठवाड्याचे भूत कोठे आहे? ते पैठणला निघाले, शहरापासून पन्नासएक किलोमीटरवर. संत एकनाथांनी सोळाव्या शतकात भुतावर एक भारूड लिहिले आहे. बाई गाऱ्हाणे सांगते की मला भूत लागले आहे. देवऋषी झाले, उपाय झाले, ते काही सोडीत नाही. ऐकणारे आधी दचकतात, मग हसतात, आणि हसता हसता त्यांच्या ध्यानात येते की हेच भूत ध्रुवबाळाला लागले होते, नारदालाही लागले होते. झपाटणारा तो देवच आहे. इतक्या धिटाईने भीतीला हात घालणारे दुसरे गाणे मला ठाऊक नाही. लहानपणी आमच्या खेड्यात लुगडे नेसलेला भारूडकार केस सोडून घुमू लागला की मी आजीच्या मागे लपत असे, आणि तरी मान बाहेर काढून पाहत असे.

मंडळातल्या एकाने शंका काढली की हॅलोवीनला एकनाथ कसे? त्याला म्हटले, फादर स्टीफन्सनी सतराव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्तपुराण ओवीतच लिहिले, आणि रेव्हरंड टिळकांनी अभंगात प्रभूला आळविले. तेव्हा पैठणकर आपल्याला परके नाहीत. फादर हसले आणि म्हणाले, "ढोलकी कोण वाजवणार, ते आधी ठरवा."

एकूण बारा गाणी झाली. यादी लिहिताना मी सहज म्हणालो की यात बहुतेक आवाज गेलेल्यांचेच आहेत. हेमंतकुमार १९८९ मध्ये गेले, व्हिन्सेंट प्राइस १९९३ मध्ये, मायकल जॅक्सन २००९ मध्ये, लताबाई २०२२ च्या फेब्रुवारीत. ज्यांचे आवाज आपण रोज भाजी चिरताना ऐकतो त्यांना कोणी भूत म्हणत नाही. ती काही बोलली नाही. कागद घेऊन गेली, आणि कार्यक्रमाच्या दिवशी तो परत माझ्या हाती आला तेव्हा खाली तिच्या अक्षरात तेरावा आकडा होता, पुढे काहीच लिहिलेले नव्हते.

कार्यक्रम ठीक झाला. छोटा संत अँथनी गोष्ट सांगता सांगता झोपी गेला. 'थ्रिलर'ला मुले नाचली. 'दिएस इरे'ला आम्हा तिघा म्हाताऱ्यांचा सूर दोनदा हलला, पण सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. भारुडाला टाळ्या पडल्या. मग तिने आपला मोबाइल स्पीकरला जोडला. आदल्या वर्षीच्या नाताळच्या तालमीचे ध्वनिमुद्रण होते ते. माझी पेटी जरा लवकर सुरू होते. माझी बहीण म्हणते, "थांबा दादा, पुन्हा घेऊ," मग खोकते, आणि पुन्हा गाऊ लागते. दोन-अडीच मिनिटे. शेजारी उभी असलेली भाची जमिनीकडे पाहत होती आणि तिचा हात थरथरत होता.

मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारले, हे कोणत्या चित्रपटातले? कोणीतरी त्याला गप्प केले. पण ती म्हणाली, "असू दे, विचारू दे त्याला," आणि त्याला तिने सांगितले.

सकाळी सात वाजता सर्व संतांच्या सणाची मिस्सा होती, म्हणून साडेनऊलाच आम्ही खुर्च्या रचून ठेवल्या. परवा दफनभूमीत कबरींच्या आशीर्वादाच्या वेळी पेटी न्यावी की नको, हे फादरांना विचारावयाचे राहिले होते; जाताना तिनेच ते विचारून घेतले.