राशीचा घेर

ती. सौ. वहिनी,


नववीला ‘पृष्ठफळ व घनफळ’ सुरू करायचंय, मुलांना आधी काय दाखवू, असं तुम्ही विचारलंत. सूत्र फळ्यावर येण्याआधी वर्गाच्या मधोमध हरभऱ्याची एक रास घाला. पाच किलो पुरे.

ही वाट भास्कराचार्यांची. ‘लीलावती’त (इ. स. 1150) राशिव्यवहार नावाचं छोटं प्रकरण आहे, त्यात धान्याच्या राशी मोजण्याखेरीज दुसरं काही नाही. रास म्हणजे शंकूच. पण पुस्तकातल्या शंकूला त्रिज्या आणि उंची छापूनच मिळते. खळ्यावरच्या राशीची त्रिज्या दाण्यांच्या पोटात दडलेली असते, आणि उंचीसाठी टोकावरून काठी खुपसावी तर रास ढासळते. हाताला लागतो तो फक्त घेर. म्हणून आचार्यांनी सगळा हिशेब घेरावरच बसवला. घेराचा सहावा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि उंचीने गुणायचं. उंचीसुद्धा घेरावरूनच काढायची: हरभऱ्यासारखं जाड धान्य असेल तर घेराचा दहावा भाग, मोहरीसारखं बारीक असेल तर अकरावा, भातासारखं कुसळाचं असेल तर नववा.

हे तीन आकडे मुलांना हाताने तपासू द्या. बारीक दाणे घरंगळतात, रास पसरते. कुसळं एकमेकांत अडकतात, रास चढी राहते. दहावा भाग म्हणजे जमिनीशी साधारण 32 अंशांचा उतार, नववा म्हणजे 35 अंशांचा. वाळूचा, खडीचा, कोळशाचा ढीग जास्तीत जास्त किती तिरका राहील, हे आजचे अभियंतेही मोजतात; त्याच गुणधर्माची नोंद इथे बाराव्या शतकातल्या धान्यावरून झाली आहे.

आचार्यांचं उदाहरण साठ हात घेराच्या राशीचं आहे. जाड धान्य असेल तर उंची सहा हात, आणि घेराचा सहावा भाग दहा, त्याचा वर्ग शंभर. म्हणजे 600 घनहात. बारीक धान्य 545 पूर्णांक 5/11 भरतं, कुसळाचं 666 पूर्णांक 2/3. एक हात लांब, एक हात रुंद, एक हात उंच जागेत मावेल ते धान्य म्हणजे मगधातली एक खारी, त्यामुळे उत्तर थेट बाजारच्या मापातच मिळतं. हे सूत्र कुठून आलं, ते नववीच्या मुलांना स्वतः काढता येईल: शंकूचं घनफळ घेरात मांडा आणि π च्या जागी 3 घाला, छेदात 36 येतात. काटेकोर π घेतला तर 600 ऐवजी सुमारे 573 घनहात होतात, म्हणजे आचार्यांचं उत्तर जवळजवळ पाच टक्के जास्त आहे. π साठी 3927/1250 ही फार चांगली किंमत त्यांनी याच ग्रंथात दिली आहे, तरी राशीला 3 पुरेसे मानले. हा निर्णय शहाणपणाचाच. उंचीच जिथे अंदाजाने धरायची, तिथे π चार दशांशांपर्यंत ताणून काय साधणार?

पुढचा भाग मुलांना सर्वांत आवडेल. भिंतीला टेकलेली रास अर्धा शंकू असते, खोलीच्या कोपऱ्यातली पाव, घराच्या बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घालून पसरलेली पाऊण. दिसतो तेवढा घेर अनुक्रमे दुप्पट, चौपट, चार तृतीयांश पट करून पूर्ण रास मोजायची आणि मग तिचा तेवढाच हिस्सा घ्यायचा.

घेर हाती, त्रिज्या आत, ही अडचण खळ्यापुरती नाही. क्रिकेटच्या नियमांत पुरुषांच्या चेंडूचा परीघ 22.4 ते 22.9 सेंटिमीटर दिलेला असतो. वनखातं झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतं. मुलांना चेंडू आणि सुतळी द्या. त्रिज्या सुमारे 3.6 सेंटिमीटर, हे त्यांचं त्यांना सापडेल.

शंकूतला एक तृतीयांश मात्र पाठ करवून घेऊ नका. तेवढ्याच पायाची आणि उंचीची कागदी वृत्तचिती करा, शंकूने तीनदा वाळू ओता. ‘अर्धं भरेल’ असं मुलं आधी म्हणणारच. त्रिकोण आयताच्या निम्मा असतो, मग शंकूही निम्मा असेल, हा तर्क साहजिक आहे. आर्यभटांनी 499 मध्ये सूचीचं घनफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मं दिलं, असाच त्या श्लोकाचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. 628 मध्ये ब्रह्मगुप्तांनी एक तृतीयांश सांगितलं. ग्रीसमध्ये हे आधीच ठाऊक होतं: डेमोक्रिटसने ते सांगितलं आणि युडॉक्ससने सिद्ध केलं, असं आर्किमिडीजने नोंदवलंय. वर्गातला जो मुलगा ‘अर्धं’ म्हणेल, त्याला आर्यभटांची ही गोष्ट जरूर सांगा.

सहल काढणार असाल तर चाळीसगावजवळचं पाटण निवडा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापला. शके 1128 चा त्याचा शिलालेख आहे, आणि त्यातल्या जुन्या मराठी भागात असं बजावलंय की इथे जे मापायचं ते मठाच्याच मापाने मापावं. गणित शिकवणाऱ्या मठाकडे गावाचं मापही होतं, हे खानदेशातल्या मुलांना कळायलाच हवं.

एक विनंती आहे. घटक चाचणीत निदान एक प्रश्न असा ठेवा की ज्यात त्रिज्या आणि उंची छापलेली नसेल. बाकावर एक वस्तू, शेजारी दोरी आणि पट्टी. काय मोजायचं ते मुलांनी ठरवावं. गुण उत्तराइतकेच त्या निवडीलाही द्या.

दादाला नमस्कार सांगा.

तुमचा,
भाऊजी