खांबाला काम दे

शिरगाव, ता. मावळ

चि. सोनू,


नव्या घराचा नकाशा मिळाला. खोल्या, उजेड, वारा सगळं मनासारखं जमलंय. दर्शनी बाजूचे ग्रीक वळणाचे चार गोल खांब मात्र मनाला पटेनात. वर ना तुळई, ना छप्पर. पीओपीचे पोकळ खांब भिंतीला नुसते चिकटवलेले. आपल्याकडच्या नव्या बंगल्यांवर हल्ली असेच दिसतात.

ज्या फ्रेंच वास्तुकारांनी हे ग्रीक वळण पुन्हा मानाला चढवलं, त्यांतला सूफ्लो मला फार मोठा वाटतो. जन्म १७१३चा. १७५०मध्ये इटलीत पेस्टुमला जाऊन त्याने ग्रीक देवळं डोळ्यांनी पाहिली. लोझिए नावाच्या पाद्र्याने १७५३मध्ये लिहून ठेवलं होतं की वास्तूचं मूळ साध्या झोपडीत आहे : चार मेढी, वर आडवी लाकडं, त्यावर छप्पर. सूफ्लोने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये तेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. भिंतींवरचा भर कमी करून छत खांबांवर तोललं. घुमटाखालचे आधार त्याने इतके सडपातळ ठेवले, की त्यांना तडे गेले आणि टीकाही झाली. १७८०मध्ये तो वारला तेव्हा काम अर्धवटच होतं. त्याचा सहकारी राँदले याने ते तडीस नेलं, पुढे ते आधारही भक्कम केले. चूक झाली ती खांबाकडून पुरेपूर काम घेण्याच्या ध्यासापायी, म्हणून मला तिचाही आदर वाटतो.

मुंबईचा टाउन हॉल तर तुझ्या रोजच्या वाटेवर आहे. बॉम्बे इंजिनिअर्सचे कर्नल थॉमस काउपर यांचा आराखडा, इमारत पुरी झाली १८३३ साली. त्या ३० पायऱ्या चढून डोरिक खांबाजवळ उभा राहा, वर बघ. त्याच्या माथ्यावर दगडी पाट आहे आणि तुझ्या डोक्यावर सावली. आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. दुर्गाबाई भागवतांनी तिथे वर्षानुवर्षं अभ्यास केला.

आपल्या वाड्यांची रीत तरी वेगळी कुठे आहे? तळखड्यावर सागवानी खांब, त्यावर तुळई, वर कडीपाट. म्हणून ग्रीक असो की मावळी, खांब जरूर ठेव, पण त्यांच्यावर छप्पर टाक. पुढे चांगली रुंद पडवी काढ. मावळातला पाऊस तिरका येतो, दारापर्यंत झोडपतो. शिवाय आल्यागेल्याला टेकायला जागा होईल.

नवा नकाशा काढलास की लगेच पाठव. सुताराशी मी बोलून ठेवतो.

तुझा,
मामा