जरीतले सोने आणि क्ष-किरणांची मोजदाद

अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवला की त्याची रिकामी जागा वरच्या कवचातला एखादा इलेक्ट्रॉन भरतो. त्यात सुटणारी ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते, नाहीतर त्याच अणूतल्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनला हाकलून देते. शंभर रिकाम्या जागांमागे क्ष-किरण किती, ही संभाव्यता प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी. सर्वांत आतल्या के कवचासाठी तांब्यात सुमारे 44, चांदीत 83. सोन्याच्या एल कवचाच्या तिसऱ्या उपकवचात मात्र सुमारे 32.

हे आकडे मोजण्यासाठी धातूच्या पातळ पत्र्यावर अमेरिशियम-241 चे 59.5 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण सोडतात आणि बाहेर येणारे क्ष-किरण थंड ठेवलेल्या सिलिकॉन शोधकाने मोजतात. शोधकाची कार्यक्षमता, पत्र्याने स्वतःच गिळलेले किरण, हवेतली घट अशा दुरुस्त्यांतच बहुतेक मेहनत जाते. सोन्यात आणखी एक गुंता आहे: पहिल्या उपकवचातली रिकामी जागा भरण्याआधी बऱ्याचदा तिसऱ्यात सरकते. कॉस्टर आणि क्रोनिग यांनी 1935 मध्ये हे संक्रमण दाखवले. या संभाव्यतांची क्राउझे यांची 1979 ची कोष्टके आजही वापरात आहेत.

जर बनवणाऱ्या सुरतेत ही कोष्टके नकळत बाजारात वावरतात. सोने तपासण्याच्या यंत्रातली क्ष-किरण नळी साधारण 40-50 किलोव्होल्टवर चालते. सोन्याच्या के कवचाला 80.7 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणून यंत्र 9.7 आणि 11.4 च्या एल रेषाच (एल कवचातून येणारे किरण) मोजते आणि किरणांच्या संख्येवरून, या संभाव्यता धरून, टक्के काढते.

दागिन्याला हे चालते. जरीचे तसे नाही. खऱ्या जरीत रेशमाभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. येवल्याच्या पैठणीतही सुरतेची जर जाते. प्रस्तुत लेखकाच्या माहितीतल्या एका कुटुंबाने आजीची पैठणी मोडायला काढली, तेव्हा एका दुकानातल्या यंत्राने पदराच्या काठात सोन्याचे चांगले टक्के दाखवले. भट्टीतून निघालेल्या गोळ्यात मात्र त्याच्या पासंगालाही पुरेल एवढे सोने नव्हते. चोर कोण, तर भट्टीवाला! त्याने वजने दाखवली, राख दाखवली, शेवटी मजुरी सोडून दिली, तरी संशय गेला नाही. गिऱ्हाइकाच्या मनात यंत्र खोटे बोलत नव्हते, म्हणजे माणूसच खोटा.

यंत्र एका अर्थाने खोटे बोललेही नव्हते. त्याला समोरचा धातू आतपर्यंत एकजीव आहे असे सांगून ठेवलेले होते. वरच्या थरातले सोने आपले किरण बिनअडथळा बाहेर पाठवते, खालच्या चांदीचे कमी ऊर्जेचे किरण मुलाम्यातून गाळून येतात, म्हणून सोने फुगते. रेशमात हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन. हायड्रोजनला असे किरणच नसतात, बाकीच्यांचे इतके दुबळे की असे यंत्र त्यांना धरतच नाही, आणि उरलेल्या धातूंचेच शंभर टक्के करून मोकळे होते. थराची मांडणी निवडण्याची सोय अनेक यंत्रांत असते. ती वापरायला कोणाला सुचत नाही. दुकानदारांनी जरीच्या पावतीवर टक्के लिहूच नयेत, असे म्हणावेसे वाटते. पण मग कसोटीच्या दगडावर भरवसा ठेवायचा का? दगडही वरचा मुलामाच घासतो.

मुलामा ओळखायची खूण चांदीतच आहे. तिच्या एल रेषेचे किरण 2.98 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, मायक्रॉनच्या अंशाएवढे सोनेही त्यांना बरेच अडवते. के रेषेचे 22.2 चे किरण त्याच थरातून जवळपास सहीसलामत निघतात. दोन्हींचे गुणोत्तर शुद्ध चांदीच्या तुलनेत किती घटले, यावरून थराची जाडी निघते. मात्र चांदीच्या एल कवचाची संभाव्यता जेमतेम पाच टक्के आहे. म्हणून मोजणी जास्त वेळ चालवावी लागते, आणि हे किरण कमी ऊर्जेचे असल्याने एरवी क्षुल्लक वाटणारी हवेतली घटही हिशेबात धरावी लागते.