पांगाऱ्यावरचा आळ

"तुमचा पांगाराच नालायक. पाण्यात टिकत नाही." शहरातल्या एका दुकानदाराने मला हे फोनवर सुनावलं, त्याला आता बराच काळ लोटला. राग मात्र उतरलेला नाही. पैसे अडकले त्याचं एवढं वाटत नाही. लाकडावर खोटा आळ आला, तो खोटा आहे हे मी कापून दाखवलं, तरी कुणी ऐकून घेतलं नाही, हे डाचतं.

थोडक्यात सांगतो. आमच्या घरात लाकूडकाम पिढीजात. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा आमच्या ओळखीचा; हलका, मऊ, पटाशीला न अडणारा. गळाने मासे धरायचा नाद लहानपणापासूनचा. पुढे रॉड आणि रीळ घेऊन हौशी मंडळी आमच्या खाड्यांवर येऊ लागली, त्यांच्याकडचे परदेशी ल्युअर, म्हणजे माशाला भुलवणारे नकली मासे, बघितले आणि तसे लाकडी मासे मी घरीच कोरायला लागलो. तांबोसा त्यावर झडप घालतो, जिताडाही घालतो. लोक मागू लागले. एवढी पार्श्वभूमी पुरे.

लाकडी ल्युअरचं खरं काम कोरण्यात नाही आणि रंगवण्यातही नाही. ते या दोन्हींच्या मध्ये आहे. लाकूड पाणी पितं, पण सगळीकडून सारखं पीत नाही. जिथे तंतू आडवे कापले जातात तिथून ते सर्वांत जास्त पितं, म्हणजे माशाचं तोंड, शेपटी, लिप (तोंडाखालची पट्टी) बसवायची खाच आणि गळ अडकवायच्या आकड्यांची भोकं. आणि प्यायल्यावर ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगतं. म्हणून रंगाला जाणारी भेग बहुतेक वेळा पोटावर किंवा पाठीवर, डोक्याकडून शेपटीकडे सरळ रेषेत जाते. ज्याने असा मासा हातात धरून बघितला आहे त्याला कारण सांगावं लागत नाही.

माझी पद्धत अशी. खाच आणि भोकं सगळी आधीच पाडून घ्यायची. ओल्या फडक्याने अंग पुसायचं, म्हणजे बसलेले तंतू उभे राहतात. वाळल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४००. नंतर मासा उन्हात चांगला तापवायचा आणि गरम असतानाच पातळ सीलरमध्ये बुडवायचा. लाकूड निवतं तशी आतली हवा आकसते आणि सीलर आत ओढला जातो. थंड लाकूड बुडवून नंतर दिव्याखाली वाळवलं तर उलटं होतं, आतली हवा फुगून बाहेर येते आणि अंगभर बुडबुडे उठतात. सीलर म्हणून मी चपडा वापरतो, एका लिटर स्पिरिटला साधारण पाव किलो. चपड्यात मूळचं मेण असतं, वर पॉलियुरेथेन मारलं तर ते मेणामुळे नीट धरत नाही. म्हणून बाटली न हलवता ठेवून वरचं निवळ तेवढंच घ्यायचं. दोन बुडव्या, मध्ये घासणं. आकडे बसवताना त्यांच्या आट्यांना अ‍ॅराल्डाइट लावून पिरगाळायचे, म्हणजे भोकाचं तोंड बंद होतं. मग पांढऱ्या अस्तराचे पातळ हात. अस्तर पांढरंच लागतं. पिवळा किंवा पोपटी रंग उघड्या लाकडावर मारला तर तो मळकट दिसतो, कितीही हात द्या.

मी जवसाचं तेलही वापरून बघितलं आहे. खोल जातं, पण वाळायला फार वेळ घेतं, आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. ज्यांच्या घरात लहान मुलं असतील त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून टाकावीत.

आता त्या दुकानदाराच्या ऑर्डरकडे येतो. ती आली ऐन पावसाळ्यात. कोकणात पावसाळ्यात नुसत्या हवेने लाकडातला ओलावा १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो. त्यात सीलर मारायला घेतला की सँडिंग सीलर असो की चपडा, वर दुधाळ झाक येते. म्हणून मी वेळ मागितला. लाकूड भट्टीजवळ वाळवून, उघडीप मिळेल तसं काम करतो म्हटलं. दुकानदाराला दिवाळीनंतरच्या हंगामाआधी माल दुकानात हवा होता. तो म्हणाला, तुम्ही कोरी लाकडं पाठवा, रंगाचं आम्ही बघतो. मी वाळवलेली कोरी लाकडं पाठवली आणि खोक्यात चिठ्ठी घातली, ठळक अक्षरांत: आधी सील करा, भोकांच्या आतूनही. फोनवरही तेच सांगितलं. "हो हो, आमचा पेंटर जुना आहे," असं उत्तर मिळालं.

हंगाम सुरू झाल्यावर फोन आला तो वर दिला आहे. मासे तरंगत नाहीत, कुशीवर पडतात, काही तर पोटाला उलले. खोकं परत आलं. त्यातला एक मासा मी करवतीने उभा चिरला आणि दोन्ही फाकी पत्र्याच्या टेबलावर उजेडात ठेवल्या. वरचा रंग सुरेख होता. चमकदार, खवले काढलेले, डोळे बसवलेले. त्या रंगाच्या खाली काहीच नव्हतं. सीलरचा थर नाही, अस्तर नाही. रंगच थेट लाकडात मुरलेला. आणि पोटाच्या आकड्यापासून एक काळपट ओला डाग तंतूंच्या बाजूने सरकत शेपटीपर्यंत गेलेला. दुसरा डाग लिपच्या खाचेतून निघालेला. मध्यभागी दोन्ही मिळाले होते. वजनासाठी पोटात बसवलेल्या शिशाच्या गोळीभोवतीचं लाकूड बोटाने दाबलं तर पाणी सुटत होतं. पाणी कुठून शिरलं, कुठून गेलं, सगळा रस्ता तिथे लिहिलेला होता.

मी फोटो काढून पाठवले. डागांवर बाण काढून दाखवले. त्याला आलेलं उत्तर मी जपून ठेवलं आहे: "रंग तर नवा कोरा दिसतोय. म्हणजे दोष लाकडाचाच."

हे मला आजही सहन होत नाही. रंग शाबूत होता हाच तर पुरावा होता, की पाणी रंगातून आलेलं नाही. उघड्या सोडलेल्या भोकांतून आलं. पण ज्याला वरचं तेवढंच दिसतं त्याच्यापुढे शाबूत रंग रंगाऱ्याची बाजू घेतो आणि भिजलेला भाग सुताराच्या माथी बसतो. मी म्हटलं, याच झाडाचे, याच वेळी कापलेले, पण मी स्वतः सील केलेले मासे माझ्याकडे आहेत, बादलीत रात्रभर टाकून दाखवतो. तो म्हणाला, मला वेळ नाही. त्यानंतर त्याने गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली की कोकणातलं लाकूड घेऊ नका.

अहो, कोकणातल्या लाकडाला पाण्यात टिकवणं कोकणाने कधीच शिकून घेतलं आहे. होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावायचे, माशाचं तेल चोळायचे, फटींत राळ भरायचे, आणि हे एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. ते तेल कातडीला लागलं तर भाजतं, तरी लावायचे. सावंतवाडीच्या गंजिफाच्या पत्त्यांनाही रंग लागण्याआधी कापडावर चिंचोक्याची खळ बसायची. बाहेरच्या जगातही हेच. फिनलंडच्या लाउरी रापालाचं नाव आज मासे धरणाऱ्यांत जगभर घेतलं जातं. त्याने १९३६ मध्ये बुचाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर दिला. गरिबीतला माणूस, पण पाणी आत जाऊ द्यायचं नाही एवढं त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

सुरुवातीला माझा सगळा राग त्या रंगाऱ्यावर होता. तो निवळला आहे. नगामागे त्याला जे मिळत होतं त्यात दोन बुडव्या आणि घासणं बसूच शकत नाही. न दिसणाऱ्या कामाचे पैसे कुणी देत नाही, मग ते काम आधी गळतं. घराच्या गिलाव्याखाली हेच होतं, फर्निचरच्या पाठीमागे हेच होतं. दुकानदाराला मात्र मी माफ केलेलं नाही.

आणि एक गोष्ट माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाते, तीही सांगतो. त्या रंगाबद्दल दुकानदार एकदा म्हणाला होता, माशाला काय एवढं कळतं. तेव्हा मी चिडलो होतो. पण पावसाळ्यानंतरच्या गढूळ खाडीत मला सर्वांत चांगला तांबोसा लागला तो नुसत्या पांढऱ्या अस्तरावर सोडलेल्या माशाला. रंगवायचा राहूनच गेला होता. गढूळ पाण्यात आकार आणि थरथर कामाला येते, खवल्यांची नक्षी नाही. तेव्हा रंगाबद्दल तो बरोबर असेल. अस्तराखालच्या थराबद्दल नाही, कारण तो मासा वर्षानुवर्षं तसाच सरळ तरंगतो आहे.

कोरं लाकूड मी आता कुणालाच विकत नाही. अस्तर होईपर्यंतचं काम माझ्या हाताखालून जातं, आणि पावसाळ्यात ऑर्डर घेत नाही. तुम्ही लाकडी ल्युअर विकत घेत असाल तर रंग बघण्याआधी आकड्याच्या बुडाशी आणि लिपच्या खाचेत नीट बघा. तिथे कोरं लाकूड दिसलं तर तो मासा घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. ज्याला एवढं थांबायचं नाही त्याने प्लास्टिकचा घ्यावा; तोही चांगला असतो.