गोट्याची वजाबाकी

गोट्या हा डेगू. चिलीच्या मध्य भागात, अँडीजच्या पायथ्याच्या झुडपांत बिळं करून कळपाने राहणारा, दिवसा वावरणारा कृंतक. १७८२ साली मोलिना या चिलीच्याच जेझुइट पाद्र्याने त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. आमचा गोट्या मात्र इंग्लंडमधला, पिंजऱ्यात जन्मलेला. पाळलेला डेगू साधारण पाच ते आठ वर्षं जगतो. याचं सातवं सरत आलं होतं. जो प्राणी दुसऱ्याचं भक्ष्य असतो तो दुखणं दाखवत नाही. त्यामुळे गोट्या अमुक दिवशी आजारी पडला असं झालं नाही. एकेक गोष्ट कमी होत गेली, ती या क्रमाने.

सफरचंदाची डहाळी. नवी टाकली की दुपारपर्यंत साल उतरलेली असे. मग अर्धीच उतरू लागली. मग डहाळी तशीच वाळली.

गवत. वाळलेल्या टिमोथी गवताचे लांब दांडे आधी सुटले, पाती नंतर. दांडा चावायला खालचा जबडा सतत घासत राहावा लागतो आणि दाढा झिजतात त्या याच घासण्याने. गवत कमी झालं की दाढा झिजत नाहीत. त्या झिजल्या नाहीत की गवत चावता येत नाही. पुढचं सगळं या फेऱ्यातून निघालं.

खाद्याच्या गोळ्या. वाडग्याशी तो पूर्वीइतकाच वेळ बसे. गोळी उचलायची, पुढच्या दोन पायांत फिरवायची, तोंडात घालायची, पाडायची. लांबून पाहणाऱ्याला तो जेवतोय असंच वाटे.

लेंड्या. आधी बारीक झाल्या, मग थोड्या. काही लेंड्या डेगू पुन्हा खातो, त्यातलं उरलेलं सत्त्व घेतो. इथे खायलाही कमी आणि परत मिळवायलाही.

नारिंगी रंग. निरोगी डेगूचे पटाशीचे दात नारिंगी-पिवळे असतात. पांढरट होऊ लागले तर कौतुक करायचं नसतं, डॉक्टर गाठायचा असतो.

हनुवटीचे कोरडे केस. लाळेने चिकटू लागले.

ग्रॅम. प्रौढ डेगू मुळातच १७० ते ३०० ग्रॅमचा. त्यातले वीस गेले तर हाताला कळत नाहीत. पीठ मोजायच्या काट्यावर वाडगा, वाडग्यात गोट्या: २४१, २३६, २२४, २०९. दाट केस बरंच झाकतात. पाठीवरून बोट फिरवलं की मणके लागायचे.

मधुमेहाचा संशय. डेगूच्या शरीराला साखर झेपत नाही. मधुमेहानेही तो असाच वाळतो, डोळ्यांत मोतीबिंदू येतो. गोट्याचे डोळे स्वच्छ होते, लघवीत साखर नव्हती. यादीतली हीच एक गोष्ट गेल्याचं बरं वाटलं.

वरचा मजला. पिंजऱ्यातल्या सर्वांत उंच फळीवर त्याचा हक्क होता. तो न भांडता त्याच्या सोबतिणीकडे, चिंगीकडे गेला.

वाळूची अंघोळ. भांड्यात उतरायचा, उभा राहायचा, बाहेर यायचा. लोळणं गेलं.

निःशब्द श्वास. झोपेत नाकातून बारीक घरघर येऊ लागली, एका डोळ्यातून पाणी. एक्स-रेमध्ये कारण दिसलं. दाढेला तोंडात वाढायला जागा उरली नाही की तिचं मूळ उलट्या दिशेने सरकतं: वरच्या दाढेचं नाकाच्या पोकळीकडे आणि डोळ्याकडे, खालच्या दाढेचं जबड्याच्या हाडात. जबड्याखाली बोटाला लागणारी उंचवट्यांची रांग म्हणजे तीच मुळं.

दात. हे कमी झाले नाहीत, पण त्यांना वगळून यादी लागत नाही. डेगूचे वीस दात, पटाशीचे तसेच दाढाही, मरेपर्यंत वाढतात. माणूस म्हातारपणी दात गमावतो. डेगू दातांपायी बाकीचं गमावतो.

डॉक्टरांनी विचारलं, “खाणं कधी सोडलं?” याला एक तारीख नव्हती. डहाळी, दांडा, पातं, गोळी असा क्रम सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे आधी दाढा.” भूल देऊन दाढांची जिभेत रुतणारी टोकं घासली. चार दिवस तो पाती खात होता. टोकं पुन्हा आली. टोकं घासता येतात, मुळं घासता येत नाहीत. आणि दोनशे ग्रॅमच्या म्हाताऱ्या जिवाला प्रत्येक भूल आधीच्या भुलीपेक्षा जड.

पेज. गवताच्या पावडरीची, सिरिंजने, थोडी थोडी, दिवसातून अनेकदा. ती तो घेत होता तोवर दिली. तोंड फिरवू लागला तेव्हा पुढच्या भुलीची तारीख मागितली नाही, शेवटच्या सुईची मागितली.

चिंगी सहाव्या वर्षात आहे. तिचं वजन आता दर रविवारी करतो, आणि डहाळीची साल कितीशी उतरली तेही त्याच पानावर लिहितो. काट्याच्या आधी डहाळी बोलते.