तोटा बसचा की आमचा?

रोज सकाळी साडेसहाला आम्ही वस्तीच्या नाक्यावर बसची वाट पाहत उभे असतो. वेळापत्रकात दर वीस मिनिटांनी गाडी आहे. प्रत्यक्षात पाऊण तास काहीच येत नाही आणि मग दोन गाड्या एकामागे एक येतात, दोन्ही खच्चून भरलेल्या. आमच्यात सफाई कामगार आहेत, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणी आहेत, कॉलेजची पोरं आहेत. उशीर झाला की कुणाचा अर्धा दिवस कापला जातो, कुणाचा पहिला तास बुडतो.

आम्ही काही हौसेने शहराच्या कडेला राहायला आलेलो नाही. रस्ता रुंद करायचा म्हणून आमची घरे उठवली आणि आम्हाला इथे आणून टाकले. ‘बस सुरू होईल’ असे तेव्हा सांगितले होते. परवा निवेदन घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, ‘हा मार्ग तोट्यात आहे.’

तोटा म्हणजे काय? उड्डाणपूल बांधताना तो वर्षाला किती कमावणार, असे कुणी विचारत नाही. हिशेब फक्त गरिबाच्या बसचा मागितला जातो. आधी गाड्या कमी करायच्या, लोक कंटाळून कर्जाने दुचाकी घेतात, मग प्रवासी घटले म्हणून आणखी गाड्या कमी करायच्या!

आमचे शहर लहान, पण मुंबईतही प्रश्न हाच आहे. बेस्टच्या बस विभागाची तूट एकेकाळी वीज विभागाच्या नफ्यातून भरून निघे. ती वाट बंद झाली, आता दरवर्षी महापालिकेच्या मदतीकडे डोळे लावावे लागतात. 2019 मध्ये किमान भाडे 5 रुपये केले होते. मे 2025 मध्ये ते थेट 10 रुपये झाले. त्याच मुंबईत मेट्रोच्या एका भुयारी मार्गावर 37 हजार कोटींहून अधिक खर्च झाला. मेट्रोला आमचा विरोध नाही. तिच्यासाठी पैसा उभा राहतो, तर बससाठीच तिजोरी रिकामी कशी?

दुप्पट भाडे म्हटले की आम्हाला मसूर स्टेशन आठवते. 1901 मध्ये लहानग्या भीमरावाला, त्याच्या भावाला आणि भाच्यांना तिथे जातीमुळे बैलगाडीवाला नेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकत त्यांना जावे लागले. आज कंडक्टर आमची जात विचारत नाही, हे त्याच लढ्याचे फळ आहे. पण बसमध्ये चढण्याचा हक्क मिळाला आणि बसच आली नाही, तर त्या हक्काचे करायचे काय?

दर्जा, सुविधा आणि संधी यांतील विषमता दूर करण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे संविधानाचा अनुच्छेद 38 सांगतो. बस ही सुविधा आहे, कुणाची मेहरबानी नव्हे. म्हणून आमची मागणी साधी आहे: अर्थसंकल्पात बससाठी दरवर्षी ठरलेली, हक्काची तरतूद करा आणि वस्त्यांचे मार्ग तोट्याच्या नावाखाली बंद करू नका.

बंधूभगिनींनो, उद्या मत मागायला येणाऱ्याला चहा नंतर पाजा. आधी त्याला सकाळी साडेसहाला आपल्या थांब्यावर उभे करा.

जय भीम!